स्पिती बाइकवरून: आत किन्नौरमधून, बाहेर कुंझुमवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचे दोघे मित्र सप्टेंबरच्या मध्यावर हिमाचलमधल्या स्पितीला निघालेत, चंदिगड ते चंदिगड दहा दिवस. एकाची बुलेट ३५० आणि मागे बायको, दुसऱ्याची हिमालयन ४११. व्हिडिओ बघून त्यांनी बेत आखलाय: पहिल्या दिवशी मनाली, दुसऱ्या दिवशी थेट चंद्रताल, तिसऱ्या दिवशी काझा, मग नाको-कल्पा करत शिमल्यावरून परत. हा बेत जमेल का, पेट्रोलचे कॅन किती न्यावेत, नाले कसे ओलांडायचे आणि बायकोला मागे बसवून न्यावं की नाही, असं विचारलंय.

बेत उलटा करा. तीच गावं, तेच घाट, तेवढेच दिवस, फक्त शिमल्याकडून आत जा आणि मनालीकडून बाहेर पडा.

कारण सांगतो, आणि ते मला फुकट मिळालेलं नाही. २०१४ साली मीही मनालीकडूनच गेलो होतो. तेव्हा रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा नव्हता, खिंड चढूनच जावं लागायचं. आम्ही पाच जण सकाळी मनालीतून निघालो आणि अंधार पडता पडता चंद्रतालच्या तंबूंत पोचलो. मनाली २००० मीटर, चंद्रताल ४२५०. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून वर झोपायलाही तिथेच. रात्री दोनच्या सुमाराला आमच्यातला एक जण उलटी करायला उठला आणि परत येताना तंबूच्या दोरीला अडखळला. आधी आम्ही हसलो. मग त्याला टॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत पाऊल टाकून चालायला सांगितलं, तर चार पावलांत बाजूला झुकला. थेंबभरही दारू प्यायलेला नव्हता. तंबूवाल्याने एक शब्द न बोलता जीप काढली. त्याला मधे बसवून, खिडकी थोडी उघडी ठेवून, आम्ही छत्रूपर्यंत खाली आणला. छत्रू ३३०० मीटरच्या आसपास. उजाडेपर्यंत त्याने स्वतःहून चहा मागितला. औषध एवढंच होतं, उंची कमी करणं. त्या रात्री चूक हवामानाची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. बेत मी आखला होता.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळत नाही, कारण आपल्याला उंचीचा अंदाजच नसतो. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर. स्पितीच्या वाटेवरचं कल्पा, जिथे सफरचंदाच्या बागा आहेत आणि शाळेची पोरं पळत असतात, तेच त्याच्या पावणेदोन पट उंच आहे. चंद्रतालला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के राहतो. तुम्ही रोज पंचगंगेच्या काठाने पाच किलोमीटर पळत असाल, तरी शरीराला हे जुळवून घ्यायला दिवसच लागतात. उलट धडधाकट माणूसच जास्त फसतो, कारण तो डोकं दुखतंय हे कबूल करत नाही.

म्हणून या सहलीचं वेळापत्रक किलोमीटरवर आखायचंच नाही. रात्री किती उंचीवर झोपणार, हा आकडा आधी लिहायचा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा डोंगरातला रिवाज आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

किन्नौरकडून, म्हणजे शिमल्याच्या बाजूने, गेलात की हा नियम रस्ताच पाळून घेतो. पहिला मुक्काम नारकंडा, २७०० मीटर. दुसऱ्या दिवशी रामपूरला सतलजच्या पात्रापर्यंत खाली उतरायचं, तिथे अक्षरशः घाम येतो, आणि करछमला उजवीकडे वळून बास्पा नदीच्या काठाने सांगला गाठायचं, पुन्हा २७००च. तिसऱ्या दिवशी सकाळी छितकुलला जाऊन या (३४५० मीटर) आणि संध्याकाळी कल्पा. चौथ्या दिवशी कल्पा ते ताबो. वाटेत खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तो लोखंडी पूल लागेल, मग 'का झिग' नावाच्या चढाचे वळसे आणि वर नाको. नाकोला तळ्याकाठी जेवा, पण मुक्काम ताबोला करा, कारण नाको ३६००च्या वर आणि ताबो ३२८० मीटरवर आहे. त्या रात्रीच्या झोपेत फरक पडतो. शिवाय ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला, बाहेरून मातीच्या ढिगासारखा आणि आत भिंतीभर चित्रं. सकाळी दार उघडतं तेव्हा आत शिरा, डोळे अंधाराला सरावू द्या. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

पाचवा दिवस ताबोहून धनकर करून काझा, जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. एवढंच? हो, एवढंच. दुपारी काझाला पोचून गाडीची चेन साफ करा, कपडे वाळत घाला, लोळा. सहावा दिवस लांग्झा, हिक्किम, कोमिक, म्हणजे साडेचार हजारांपर्यंत चढून रात्री परत काझा. हिक्किमला १९८३ पासून चालणारं टपाल कार्यालय आहे. तिथून घरी कार्ड टाका, कोल्हापूरला तुमच्यानंतर बऱ्याच दिवसांनी पोचेल. लांग्झाला पोरं शंखाच्या आकाराचे दगड विकायला आणतील. हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्याचे ते जीवाश्म. हातात घ्या, बघा, परत द्या. विकत घेऊ नका.

सातव्या दिवशी 'की' गावचा मठ, किब्बर, चिचमचा पूल करून वरच्या वाटेनेच लोसर. हा काझा-लोसरचा मुख्य रस्ता नव्हे, पण मला तोच जास्त आवडतो. सप्टेंबरात वाटाणा काढून झालेला असतो, बायका सातूच्या पेंढ्या पाठीवर घेऊन चालतात आणि गाडी दिसली की बाजूला होऊन 'जुले' म्हणतात. तुम्हीही म्हणा, गाडी हळू करून. लोसर ४०८० मीटरवर आहे, पण तोवर तुमची तीन-चार दिवसांची सवय झालेली असते. आठव्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल, नवव्या दिवशी सकाळी बातल-छत्रू-कोकसर करून बोगद्यातून मनाली. दहावा दिवस चंदिगड. एक दिवस हाताशी हवा असेल तर सांगला-छितकुल गाळा. मी म्हणेन तो दिवस हवाच, का ते पुढे सांगतो.

डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, सगळेच विचारतात. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगा, आणि घ्यायची की नाही ते त्यांनाच ठरवू दे. गोळी घेतली म्हणून बेत दामटायचा नाही. डोकं दुखतंय पण जेवण जातंय, तर तिथेच थांबा. उलट्या, झोकांड्या किंवा बसल्या जागी धाप असं काही दिसलं, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं.

आता गाडीचं. इंजिनालाही हवा लागते. हजार मीटरमागे साधारण दहा टक्के ताकद जाते असं धरा. बुलेटच्या वीस घोड्यांतले कुंझुमवर अकरा-बारा उरतात, आणि त्यांच्यावर दोन माणसं आणि तीस किलो सामान. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेते, जुनी कार्ब्युरेटरची असेल तर काळा धूर काढत प्लग काळा करते. पण ताकद दोघींचीही जाते. तिथे गाडी चढत नाही म्हणून हाफ क्लचवर रेटत राहिलात तर कुंझुमच्या आधीच क्लच प्लेटचा जळका वास येईल. चढाला पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चालवा, कितीही हळू वाटलं तरी. उतारालाही तोच गिअर, इंजिनावर गाडी रोखायची. मागचा ब्रेक दाबून धरत उतरलात तर वीस मिनिटांत तो स्पंजासारखा होतो.

पेट्रोलच्या कॅनवर पैसे घालवू नका. रिकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरा, मग काझाला भरा. मधलं अंतर इकडेतिकडे फिरून अडीचशेच्या आत राहतं. काझानंतर मनालीपर्यंत पंप धरू नका, पण तेही चंद्रताल धरून अडीचशेच्या आतबाहेरच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बुलेटने लिटरला पंचवीसच दिले तरी तेरा लिटरची टाकी पुरते. काझाचा पंप मात्र संध्याकाळवर ढकलू नका. पोचल्या दिवशीच आधी टाकी, मग हॉटेल. रोख पैशाचंही तसंच. नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणं बंद, आणि ते जातंच.

पंक्चर ही खरी डोकेदुखी. तुमच्या दोन्ही गाड्यांना ट्यूब आहे, म्हणजे बाहेरून वात घालून भागणार नाही, चाक उतरवावं लागणार. निघण्याआधी घरच्या अंगणात दोन्ही गाड्यांची मागची चाकं एकदा स्वतः काढून, ट्यूब बदलून, परत बसवा. पंक्चरवाल्याला शेजारी बसवा आणि हात लावू देऊ नका. पहिल्यांदा दीड तास लागेल, बोटं सोलतील, लिव्हरने नवी ट्यूब चिमटून फुटेल. हे सगळं कोल्हापुरात होऊ दे. सोबत हिमालयनच्या पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब दोन नग घ्या. अडीनडीला ती लहान चाकातही दुमडून बसते आणि सावकाश पुढच्या गावापर्यंत नेते. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरी बॅगेत ठेवू नका, जुन्या वायरीच्या शेजारीच टायने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. अंगाच्या साबणाची एक वडीही ठेवा. दगड लागून पेट्रोलची टाकी पाझरायला लागली तर कोरडा साबण त्या जागी घासून भरा, दिवसभर धरतो.

नाल्यांकडे येऊ. बातल ते छत्रू या पट्ट्यात ते खरे भेटतात. हिमनदीचं पाणी आहे, ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तोच नाला सकाळच्या दुप्पट होतो. म्हणून आठव्या दिवशी चंद्रतालला थांबायचं आणि नाले नवव्या दिवशी सकाळी गाठायचे. पण पहाटे पाचलाही निघू नका. सप्टेंबरच्या शेवटी सावलीतल्या ओल्या रस्त्यावर रात्री काचेसारखा बर्फ धरतो, तो डोळ्यांना दिसत नाही, चाकाला कळतो. सात-साडेसात ठीक.

नाल्यापाशी आधी गाडी बंद करा आणि ऐका. पाण्याखालून दगड गडगडत गेल्याचा आवाज येत असेल तर बसा, बिस्किटं खा, वाट बघा. आवाज नसेल तर पाणी वाचा. जिथे फेस आहे, उड्या मारतंय, तिथे खाली दगड आहेत आणि पाणी उथळ आहे. जिथे गुळगुळीत, शांत दिसतं तिथे खोल. नवखा माणूस नेमका शांत पाण्यात गाडी घालतो. समोरून बस किंवा पिकअप आली तर तिची चाकं कुठून गेली ते लक्षात ठेवा. मग बुलेटवरून वहिनींना उतरवा, त्या वरच्या बाजूने दगडांवरून चालत येतील, रबरी बूट असले तर उत्तम. सामान जड असेल तर तेही उतरवा. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा. नजर पलीकडच्या काठावर. पुढच्या चाकाकडे बघितलंत की पडलात. नारळाएवढे गोटे चाकाखाली सरकतील, हँडल स्वतःहून इकडेतिकडे जाईल, जाऊ द्या, घट्ट आवळू नका. मधे घाबरून क्लच दाबायचा नाही आणि हात सोडायचा नाही. मित्राला खालच्या बाजूला उभं करू नका, गाडी पडली तर त्याच्या अंगावर जाते. तो वरच्या बाजूला किंवा मागे.

आणि गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर स्टार्टर मारायचा मोह आवरा. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढा, प्लग काढा, एअर फिल्टर काढून पाणी झटका, मग प्लग न लावता स्टार्टर मारून पाणी उडवा. अर्धा तास जातो, गाडी वाचते.

नाल्यांपेक्षा मला किन्नौरच्या कड्यांची जास्त भीती वाटते, हे मुद्दाम सांगतो, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. नाल्यात फार तर भिजता. वरून दगड आला तर काही उरत नाही. २०२१ च्या जुलैत सांगल्याजवळ बटसेरीला असेच दगड येऊन नऊ पर्यटक गेले, आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरीला अख्खा कडा एसटीसारख्या सरकारी बसवर आला. मी तुम्हाला सप्टेंबर मध्यच बरा म्हणतो तो त्यामुळेच, पाऊस ओसरलेला असतो. तरीही आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी दोन तास उशिरा निघा. दगड पडायच्या जागेवर पाटी असते आणि रस्त्यावर ताजी खडी असते. तिथे फोटोला थांबायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर ठेवून एकेक जायचं. दुपारचा वाराही दगड सोडवतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि सफरचंदाच्या पिकअपपासून सांभाळून रहा. हंगाम असतो, त्यांना बाजार गाठायचा असतो आणि ते तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत.

हाताशी एक दिवस का हवा, ते आता. २०१८ च्या सप्टेंबरात बावीस तारखेच्या आसपास लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला आणि शेकडो लोक अडकून पडले. कुंझुम बंद झाला तर तो उघडायची वाट बघायची नाही. आलात त्याच वाटेने किन्नौरमधून परत फिरायचं, काझा ते चंदिगड नेटाने तीन दिवस. परतीचं रेल्वे तिकीट त्या हिशेबाने काढा. हा मार्ग सहसा खुला राहतो म्हणूनही किन्नौरकडून आत शिरणं बरं, ओळखीचा रस्ता मागे असतो.

बाइक रेल्वेने पाठवणार असाल तर पार्सल म्हणून बुक करा, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते. आरसे काढून बॅगेत घ्या, हँडल आणि टाकीला गोणपाट गुंडाळायला लावा. पार्सल तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री धरू नका, दोन दिवस आधी पाठवा. उतरल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यावी लागते, तेव्हा रिकामी बाटली खिशात असू दे.

राहिला वहिनींचा प्रश्न. तो मला नाही, त्यांना विचारायचा. पण त्याआधी एका पावसाळी शनिवारी सगळं सामान लादून, दोघं बसून, कोल्हापूरहून फोंडा घाट उतरा, गगनबावड्याने चढून परत या. आठ तास बुलेटच्या मागच्या सीटवर बसून, भिजून, घरी आल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका. हो म्हणाल्या तर त्यांच्यासाठी पाठीला टेकू देणारा कॅरिअर लावून घ्या, गुडघ्याचे गार्ड तुमच्याइतकेच चांगले घ्या, आणि थांबायचं कधी हे त्यांच्या हातात द्या, खांद्यावर दोनदा थाप म्हणजे थांब. माझ्या गटात मागे बसणारीच सगळ्यात आधी ओळखते की चालवणारा दमलाय. तो स्वतः कधीच सांगत नाही.

कुंझुमवर देवीचं छोटं देऊळ आहे. तिथले ड्रायव्हर गाडीसकट त्याला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जातात. तुम्हीही घाला, उजवा हात देवळाकडे ठेवून. तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका, आणि उतार सुरू व्हायच्या आधी पहिला गिअर.